गिरणीतील अर्धवेळ मुले : मुंबईच्या कापड उद्योगातील बालश्रम, कुटुंबाची उपजीविका आणि कारखाना कायदे (१८८१ ते १९२२)

प्रस्तावना

लहान वयात काम करून घरखर्चाला हातभार लावणे ही भारतीय समाजात नवी गोष्ट नाही. शेतकऱ्याचा मुलगा गुरे राखतो, कुंभाराचा मुलगा माती मळतो, विणकराची मुलगी कांड्या भरते, हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु मुलांचे काम हा सार्वजनिक चर्चेचा, आयोगांच्या चौकशीचा व कायद्याचा विषय झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याची पहिली भूमी होती मुंबईतील कापड गिरण्या. घरच्या कामात गुंतलेले मूल शासनाच्या नजरेत भरत नव्हते. तेच मूल भोंग्याच्या आवाजावर गिरणीच्या दारातून आत जाऊ लागले, त्याच्या नावावर हजेरी लागू लागली व महिन्याकाठी मजुरी मिळू लागली, तेव्हा ते ‘बालकामगार’ म्हणून प्रथमच मोजले गेले.

बालश्रमाची कारणमीमांसा करताना सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर पालकांच्या अज्ञानाकडे बोट दाखवते, तर दुसरे दारिद्र्याकडे. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला ती अपुरी वाटतात. दारिद्र्य हे सर्वकालीन व सर्वदूर आहे. पण विशिष्ट काळात, विशिष्ट उद्योगात, विशिष्ट वयाची मुले कामावर का जातात आणि पुढे त्याच उद्योगातून ती नाहीशी का होतात, याचे उत्तर केवळ ‘दारिद्र्य’ या शब्दाने मिळत नाही. त्यासाठी मजुरी कशी व केव्हा मिळत होती, भरती कोण करत होते, कायद्याने वयाची सीमा कोठे आखली होती आणि मुलासाठी शाळेचा पर्याय कितपत उपलब्ध होता, या बाबी तपासाव्या लागतात. प्रस्तुत लेखात हा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रमुख प्रतिपादन असे की, कारखाना कायद्यांनी मुलाला गिरणीबाहेर काढले, परंतु ज्या आर्थिक रचनेमुळे कुटुंबाला मुलाच्या मजुरीची गरज भासत होती तिला हात घालण्यास फार उशीर झाला. दरम्यानच्या काळात बालश्रम संपला नाही. त्याने केवळ जागा बदलली.

गिरणी, गाव आणि कुटुंब

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाच्या व्यापारातून मुंबईत प्रचंड भांडवल जमा झाले आणि १८७० नंतर गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. या गिरण्यांना कामगार पुरवले ते मुख्यतः कोकण व देश या भागांनी. रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा त्यात सर्वांत मोठा होता. सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतूनही माणसे आली. तुकड्यातुकड्यांची शेती, खोतीचा जाच, सावकारी आणि पावसावर हवाला ठेवून असलेले जीवन यांमुळे घरातील एखादा पुरुष मुंबईस धाडणे ही कोकणी कुटुंबाची रीतच होऊन बसली. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, गिरणी कामगाराने गावाशी असलेला संबंध तोडला नाही. गावची जमीन शहरातील बेकारीच्या दिवसांत आधार देत होती आणि शहरातील मजुरी गावच्या शेताला व सावकाराच्या हप्त्यांना.

अशा कुटुंबात मुलाच्या कामाला दोन अर्थ होते. पहिला अर्थात मजुरीचा. दुसरा अर्थ तितकाच महत्त्वाचा, पण दुर्लक्षित आहे, आणि तो म्हणजे गिरणीत शिरकाव मिळण्याचा. गिरणीतील भरती मुकादमाच्या अर्थात जॉबरच्या हाती होती. तो आपल्या गावच्या, जातीच्या, नात्यातल्या किंवा चाळीतल्या माणसांना कामावर लावी व त्यांच्याकडून दस्तुरीही घेई. सूतकताईच्या खात्यात भरलेल्या बॉबिनी उतरवून रिकाम्या चढवणे, तुटलेली तार सांधणे, झाडलोट करणे ही कामे मुलांकडे असत. चपळ बोटे, लहान चण आणि अल्प मजुरी ही मालकाच्या दृष्टीने सोय होती. बापाच्या दृष्टीने मात्र मुलगा कामावर लागणे म्हणजे खात्यात त्याची जागा धरून ठेवणे होते. आज बॉबिनी उतरवणारा मुलगा उद्या साच्यावर उभा राहील, ही त्यामागील अपेक्षा. स्वतंत्र प्रशिक्षणाची कोणतीही सोय नसलेल्या उद्योगात बालश्रम हीच उमेदवारी होती. म्हणूनच पालकांचे वर्तन केवळ अज्ञानाचे द्योतक मानणे योग्य ठरत नाही. त्यामागे शहरात टिकून राहण्याचा एक व्यवहारी हिशेब होता.

मुलींच्या बाबतीत चित्र काहीसे निराळे होते. गिरणीतील स्त्रिया प्रामुख्याने सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, नायकिणीच्या देखरेखीखाली काम करीत. एकूण कामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याइतके होते. आई गिरणीत गेली की धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे, चूल पेटवणे ही कामे थोरल्या मुलीकडे येणे स्वाभाविक होते. तिचे हे श्रम आईच्या मजुरीला शक्य करीत, परंतु कोणत्याही हजेरीपटावर त्यांची नोंद होत नसे. कारखान्याच्या आकडेवारीवरून बालश्रमाचा विचार करताना ही मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

पहिला कायदा आणि त्याभोवतीचा वाद

मुंबईतील गिरण्यांत अगदी लहान मुले सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम करतात, ही गोष्ट १८७० नंतर इंग्लंडमध्ये चर्चिली जाऊ लागली. इंग्लंडमधील कारखाना सुधारणांचे पुरस्कर्ते लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हा विषय १८७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मांडला. त्याच वर्षी मुंबई सरकारने जिल्हाधिकारी अर्बथनॉट यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. अध्यक्ष साध्या स्वरूपाच्या कायद्यास अनुकूल होते. मात्र गिरणी उद्योगाशी संबंधित असलेल्या बहुसंख्य सभासदांनी कायद्याची गरज नाही असे मत दिले. पुढे सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये स्त्रिया व मुले यांच्या संरक्षणासाठी एका विधेयकाचा मसुदा तयार केला, परंतु मुंबईच्या कायदेमंडळात तो मांडण्यास अनुमती मिळाली नाही. अखेर लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८१ चा कारखाना कायदा संमत झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व १०० किंवा त्याहून अधिक माणसे कामास असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी घातली. ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ९ तासांची मर्यादा, एक तासाची विश्रांती आणि महिन्यातून चार सुट्ट्या ठरवून दिल्या. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयी कायदा मौन बाळगून होता.

या कायद्यास तत्कालीन राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी केलेला विरोध आजच्या वाचकाला आश्चर्यकारक वाटण्याचा संभव आहे. बिपन चंद्र यांनी आर्थिक राष्ट्रवादावरील आपल्या ग्रंथात (१९६६) या विरोधाचे सविस्तर विवेचन केले आहे. त्यामागील संशय निराधार नव्हता. भारतीय गिरण्यांची स्पर्धा लँकेशायरच्या गिरणीमालकांना खुपत होती; कापडावरील आयात कर १८७९ मध्ये अंशतः व १८८२ मध्ये संपूर्णपणे रद्द करण्यात आला होता. अशा वेळी भारतीय मुलांविषयी एकाएकी दाटून आलेली कणव ही व्यापारी हेतूने प्रेरित आहे, असे मानले जाणे साहजिक होते. त्याचबरोबर, मुलांना कामावरून काढल्यास त्यांची कुटुंबे उपाशी मरतील व मुले रस्त्यावर उनाडक्या करतील, हा युक्तिवाद गिरणीमालक सातत्याने करीत. लँकेशायरचा हेतू शुद्ध नव्हता हे मान्य केले, तरी त्यामुळे मुंबईतील मुलाचे श्रम हलके होत नव्हते. एका बाजूस परकी स्वार्थ आणि दुसऱ्या बाजूस स्वदेशी स्वार्थ यांच्या वादात ज्याच्याविषयी वाद चालला होता ते मूल मात्र कोठेच बोलताना दिसत नाही.

‘मूल’ कोणाला म्हणावे ?

कारखाना कायद्यांचा इतिहास हा एका अर्थी ‘मूल’ या संज्ञेच्या व्याख्येचा इतिहास आहे. १८९० च्या आयोगानंतर संमत झालेल्या १८९१ च्या कायद्याने किमान वय ९ केले, मुलाची व्याख्या १४ वर्षांपर्यंत वाढवली आणि कामाचे तास ७ वर आणले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील मुलांसाठी ६ तासांची मर्यादा घातली आणि वयाचा दाखला आवश्यक केला. १९२२ च्या कायद्याने किमान वय १२ ठरवले आणि १५ वर्षांपर्यंतच्या व्यक्तीस मूल मानले.

या तरतुदींचा व्यवहारातील अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. तेरा वर्षांचा मुलगा १८८५ मध्ये कायद्याच्या दृष्टीने प्रौढ होता. त्याच्या कामाच्या तासांना कोणतीही मर्यादा नव्हती. तेरा वर्षांचा मुलगा १८९५ मध्ये मूल होता व सात तास काम करीत होता. आठ वर्षांचे मूल १८८५ मध्ये कायदेशीर कामगार होते, तर १८९५ मध्ये बेकायदेशीर. चौदा वर्षे पूर्ण केलेला मुलगा १९२१ पर्यंत प्रौढ होता आणि १९२२ नंतर तो पुन्हा मूल झाला. मुंबईच्या गिरण्यांतील मुलांचे प्रमाण अधिकृत आकडेवारीत नेहमीच अल्प दिसते. मॉरिस डी. मॉरिस यांच्या १९६५ च्या अभ्यासातूनही हेच सूचित होते. परंतु हे आकडे वाचताना प्रत्येक दशकात ‘मूल’ ही संज्ञा बदलत होती, आणि ज्यांना आज आपण निःसंशय मुले म्हणू अशी असंख्य मुले ‘प्रौढ’ या रकान्यात मोजली गेली, हे विसरून चालणार नाही.

दुसरी अडचण वयाच्या पुराव्याची. कोकणातील खेड्यात जन्मलेल्या मुलाच्या जन्माची विश्वसनीय नोंद क्वचितच उपलब्ध असे. त्यामुळे वय ठरवले जाई ते दातांवरून, उंचीवरून व एकंदर शरीरयष्टीवरून. अर्धपोटी वाढलेल्या मुलाची चण लहान असल्याने त्याचे वय कमी ठरण्याची आणि थोराड बांध्याच्या मुलाचे वय जास्त ठरण्याची शक्यता यात अंगभूतच होती. शिवाय कुटुंबाचे हित वय वाढवून सांगण्यात होते, कारण ‘प्रौढ’ ठरलेल्या मुलाला पूर्ण दिवसाची मजुरी मिळे. मुकादमाचे हित त्याच दिशेने होते आणि मालकाचेही. कायद्याच्या अंमलबजावणीत ज्या तिघांचा सहभाग अपेक्षित, त्या तिघांचेही हित कायदा चुकवण्यात असेल, तर निरीक्षक कितीही दक्ष असला तरी त्याचे यश मर्यादितच राहणार. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तेजीच्या काळात काम चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबले, तेव्हा ही परिस्थिती अधिकच बिकट झाली. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगाला, चौदा वर्षांखालील अनेक मुले प्रौढांप्रमाणे पूर्णवेळ राबत असल्याचे आढळून आले.

कामाचे तास अर्ध्यावर आल्यावर आणखी एक पळवाट निघाली. सकाळी एका गिरणीत व दुपारी निराळ्या नावाने दुसऱ्या गिरणीत, असे एकाच मुलाने दोन ठिकाणी काम करणे. १९२६ च्या दुरुस्तीने अशा प्रकाराबद्दल पालकांना दंडपात्र ठरवले. कायद्याचा रोख मालकाकडून पालकाकडे वळला, ही बाब येथे लक्षणीय आहे.

पगाराची तारीख

मुलाची मजुरी प्रौढाच्या मजुरीच्या मानाने किरकोळ होती. मग तिच्यावाचून कुटुंबाचे अडत का होते ? या प्रश्नाचे उत्तर मजुरीच्या रकमेपेक्षा ती मिळण्याच्या पद्धतीत शोधावे लागते.

गिरण्यांत पगार महिन्याचा असे आणि तो पुढील महिन्यात बऱ्याच उशिरा हाती पडे. नव्याने कामास लागलेल्या माणसाला पहिली मजुरी पाहण्यास सहा-सहा आठवडे वाट पाहावी लागे. या मुदतीत वाण्याकडून उधारी, पठाणाकडून किंवा मारवाड्याकडून कर्ज हाच मार्ग उरे. दरमहा रुपयास एक आणा हा व्याजाचा दर सर्रास होता; वर्षाला तो ७५ टक्के होतो. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये होते आणि पाहणीतील सुमारे ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती. यात बदली कामगारांची अनिश्चितता मिळवली, म्हणजे काम मिळाले तर मजुरी आणि खाडा पडला तर उपवास, की मुलाच्या चार-दोन रुपयांचे मोल ध्यानी येते. ते पैसे उत्पन्नात भर घालण्यापेक्षा उत्पन्नातील खंड सांधण्याच्या कामी येत.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांनी संघटित केलेल्या कामगारांच्या मागण्या पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. ठाणे येथे १८४८ मध्ये जन्मलेले लोखंडे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईतून चालवीत होते. १८८४ मध्ये मुंबई सरकारने दुसरा कारखाना आयोग नेमला, तेव्हा सप्टेंबर महिन्यात परळ येथे कामगारांच्या सभा भरवून सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार करण्यात आला. त्यातील मागण्या पाच होत्या : रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत कामाची वेळ, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, आणि कामावर जखमी झालेल्यास वेतन व कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद.

या यादीत मुलांच्या कामावर बंदी घालण्याची मागणी नाही. काही अभ्यासकांना हा कामगार चळवळीतील उणेपणा वाटू शकेल. परंतु वर मांडलेली वस्तुस्थिती पाहता निराळा अर्थ संभवतो. वेळेवर पगार आणि अपघातग्रस्तास भरपाई या दोन मागण्या प्रत्यक्षात बालश्रमाच्या मुळाशीच भिडणाऱ्या होत्या. बापाचा हात यंत्रात सापडला की मुलाला गिरणीत जावे लागे; पगार लांबला की वाण्याची उधारी फेडण्यासाठी जावे लागे. मूल गिरणीत का येते याचे उत्तर कामगारांना ठाऊक होते आणि त्यांनी उपाय त्या कारणावर सुचवला होता, परिणामावर नव्हे.

या मागण्यांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. अपघात भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला. ठरावीक तारखेच्या आत पगार देण्याचे बंधन घालणारा वेतन प्रदान कायदा मात्र १९३६ मध्ये संमत झाला. म्हणजे १८८४ ची ही मागणी कायद्याच्या पुस्तकात येण्यास ५२ वर्षे लागली. लोखंडे यांचे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत निधन झाले होते. मुलावर निर्बंध घालणारे अनेक कायदे या दरम्यान होऊन गेले; मुलाला कामावर धाडण्याचे कारण दूर करणारा कायदा सर्वांत शेवटी आला.

शाळा आणि गिरणी : दोन समांतर वाटा

मुलाला कामावरून काढले तर त्याने जावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर शिक्षणव्यवस्थेने द्यावयास हवे होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. शेतकरी आपल्या मुलांना शाळेत का धाडू शकत नाहीत याचे कारणही त्यांनी सांगितले : अठराविश्वे दारिद्र्य आणि गुरे व शेत राखण्यासाठी मुलांची असलेली गरज. म्हणून केवळ शाळा वाढवून भागणार नाही, तर शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन या वर्गाला उत्तेजन द्यावे, असे त्यांनी सुचवले. ज्या राज्यसत्तेने १८८१ मध्ये सात वर्षांच्या मुलाला नऊ तास काम करण्याची मुभा दिली, तिच्याकडे पुढच्याच वर्षी बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी करण्यात आली होती. या दोन वयांमधील पाच वर्षांचे अंतर कापण्यास मुंबई इलाख्याला पुढील चाळीस वर्षे लागली.

हाच विरोधाभास १९११ मध्ये पुन्हा दिसतो. त्या वर्षी केंद्रीय कायदेमंडळाने नऊ वर्षांच्या मुलाला कापड गिरणीत सहा तास काम करण्याची परवानगी कायम ठेवली. त्याच वर्षी, मार्च महिन्यात, गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याच कायदेमंडळात ६ ते १० वर्षे वयाच्या मुलांना टप्प्याटप्प्याने सक्तीचे शिक्षण देण्याचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते मोठ्या बहुमताने फेटाळले गेले. मुलाचे कामाचे तास कमी करण्यास जी सत्ता तयार होती, ती त्या मोकळ्या झालेल्या तासांत त्याच्यासाठी शाळा उभारण्याचा खर्च सोसण्यास तयार नव्हती. संस्थानांनी मात्र वेगळी वाट चोखाळली. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात व १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवला. मुंबई शहरात गिरणगावाचा समावेश असलेल्या एफ आणि जी या विभागांत सक्तीचे शिक्षण सुरू झाले ते १९२५ मध्ये. दरम्यान ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांत रात्रशाळा चालवल्या. परंतु दिवसभर बॉबिनी उतरवून थकलेल्या मुलाने रात्री पाटी घेऊन बसावे, ही अपेक्षा कितीही सद्हेतूची असली तरी ती मुलाच्याच शरीरावर भार टाकणारी होती.

श्रम आणि शिक्षण यांचा मेळ घालण्याचा एक निराळा प्रयोग याच सुमारास सातारा जिल्ह्यात झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या श्रमातून त्यांच्या शिक्षणाचा खर्च भागवण्याची पद्धत रुजवली. आज महाविद्यालयांत चालणारी ‘कमवा व शिका’ योजना त्याच परंपरेतील आहे. वरवर पाहता गिरणीतील मुलगा आणि वसतिगृहातील विद्यार्थी दोघेही लहान वयात राबतात. भेद असा की, पहिल्याचे श्रम शिक्षणाची जागा घेतात, तर दुसऱ्याचे श्रम शिक्षणाची वाट मोकळी करतात. कामाचे स्वरूप किंवा तास यांइतकाच, त्या कामाअखेर मुलाच्या पदरी काय पडते हा निकषही महत्त्वाचा मानला पाहिजे.

गिरणीतून बाहेर : १९२२ नंतर

वॉशिंग्टन येथे १९१९ मध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने उद्योगांसाठी किमान वय १४ ठरवले. भारतासाठी मात्र खास अपवाद करून ते १२ ठेवण्यात आले. १९२२ चा कायदा याच ठरावाला अनुसरून आला. किमान वय बारा, सहा तासांचे काम, वैद्यकीय दाखला आणि वाढती तपासणी यांमुळे अर्धवेळ मुले ठेवणे गिरणीमालकांना फायद्याचे राहिले नाही. युद्धोत्तर तेजी ओसरल्यावर प्रौढ कामगारच मुबलक मिळू लागले. १९३१ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या वेळेपर्यंत मुंबईच्या गिरण्यांतून मुले जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

परंतु त्याच आयोगाला बिडी, गालिचे यांसारख्या, कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेरील लहान कारखान्यांत अत्यंत कोवळ्या वयाची मुले राबताना आढळली. कर्जाच्या मोबदल्यात मुलांचे श्रम गहाण टाकले जात असल्याचेही उघडकीस आले आणि ते रोखण्यासाठी १९३३ चा कायदा करावा लागला. मोठ्या, नोंदणीकृत व तपासणीखालील उद्योगातून मूल बाहेर पडले ते लहान, अदृश्य व तपासणीविरहित उद्योगात जाण्यासाठी, असा हा प्रवास आहे. पुढे १९४८ च्या कायद्याने कारखान्यांत किमान वय १४ झाले. राज्यघटनेच्या २४ व्या अनुच्छेदाने त्यास घटनात्मक अधिष्ठान दिले. १९८६ चा बालमजुरी प्रतिबंधक कायदा, २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आणि २०१० पासून अमलात आलेला शिक्षण हक्क कायदा यांनी चौकट पूर्ण केली. तरीही २०११ च्या जनगणनेत देशात ५ ते १४ वयोगटातील १ कोटीहून अधिक मुले काम करताना आढळली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व उद्योगांत बंदी केली. मात्र शाळेच्या वेळेनंतर कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याची सवलत ठेवली. म्हणजे हजेरीपटावर न येणारे, घरातले श्रम पुन्हा एकदा मोजणीबाहेर राहिले.

गिरणगावाच्या इतिहासाचा शेवटचा अध्यायही या दृष्टीने बोलका आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगारांची मजुरी थांबली. अनेक घरांतील मुलांना शाळा-कॉलेज सोडून मिळेल ते काम धरावे लागले. कायदा तेव्हाही होता, शाळाही होत्या; खंडित झाली होती ती मजुरी. आजही मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंब मुकादमाकडून उचल घेऊन हंगामात कारखान्यावर जाते, तेव्हा कोयत्याबरोबर मुलेही जातात. साखरशाळा व हंगामी वसतिगृहे हे त्यावरील स्तुत्य उपाय आहेत. परंतु उचल, मुकादम आणि कर्ज ही त्रयी १८८४ च्या अर्जातील परिस्थितीशी किती मिळतीजुळती आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मुंबईच्या गिरण्यांतील बालश्रम हा पालकांच्या अज्ञानापेक्षा मजुरीची अनियमितता, उशिरा मिळणारा पगार, कर्ज आणि मुकादमाच्या हाती असलेली भरती यांचा परिणाम होता.

२. ‘मूल’ ही संज्ञा १८८१ ते १९२२ या काळात कायद्यागणिक बदलत गेली. त्यामुळे बालकामगारांची अधिकृत आकडेवारी त्या त्या वेळच्या व्याख्येच्या संदर्भातच वाचली पाहिजे. मुलींचे घरातील श्रम तर या आकडेवारीत आलेच नाहीत.

३. कारखाना कायद्यांनी मुलांचे कामाचे तास घटवले व अखेरीस त्यांना गिरणीबाहेर काढले, हे यश नाकारता येत नाही. परंतु सक्तीच्या शिक्षणाची जोड वेळेवर न मिळाल्याने ही मुले मोठ्या प्रमाणात असंघटित क्षेत्राकडे वळण्याचा मार्ग खुलाच राहिला.

४. १८८४ च्या अर्जातील वेळेवर पगार व अपघात भरपाई या मागण्या बालश्रमाच्या कारणांवर नेमके बोट ठेवणाऱ्या होत्या. त्यांची पूर्तता अनुक्रमे १९३६ व १९२३ पर्यंत रखडली.

५. बालश्रमाविरुद्धचे धोरण मुलावर व पालकावर निर्बंध घालण्यापुरते मर्यादित राहिले, तर ते अपुरे ठरते. प्रौढाच्या मजुरीची शाश्वती आणि मुलाच्या शाळेची शाश्वती या दोहोंची एकत्र तजवीज करावी लागते.

लोखंडे यांच्या अर्जावर सह्या करणाऱ्या साडेपाच हजार कामगारांतील पुष्कळांना लिहिता-वाचता येत नसावे. तरीही आपल्या मुलाला गिरणीत का आणावे लागते, हे त्यांनी आयोगाच्या विद्वान सभासदांपेक्षा अधिक नेमकेपणाने सांगितले होते. बालश्रमाच्या प्रश्नावर आज धोरण आखताना, प्रथम त्या कुटुंबाच्या पगाराची तारीख विचारावी, इतका बोध या इतिहासातून निश्चितच घेता येतो.